लांबलेली शिकवणी

फिरत्या दाराच्या एका कप्प्यात एका वेळी एकाच माणसाने शिरायचं असतं. ही साधी गोष्ट ज्याला ठाऊक नव्हती, असा माणूस तिला त्या सोमवारी सकाळी भेटला.

ती घाईत होती. तशी ती रोजच घाईत असे; पण त्या दिवशी एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर लॅपटॉप, काखेत आईच्या एक्स-रेचं भलंमोठं पाकीट, आणि हात रिकामा नाही म्हणून ओळखपत्राची दोरी चक्क दातांत धरलेली. अशा अवतारात ती दारात शिरली आणि तिच्या पाठोपाठ, तिच्याच कप्प्यात, चाकांची बॅग ओढत एक उंच माणूस शिरला. दार थोडंसं फिरलं, कुरकुरलं आणि थांबलं.

"सॉरी हं... मला वाटलं, दोघं मावतात."

"दोघं मावतात," ती म्हणाली. "बॅग मावत नाही."

"मागे ढकलू का?"

"नको! मागे ढकललं की ते रुसून बसतं. जरा थांबलं की आपोआप फिरतं."

मग दोघं थांबली. काचेपलीकडून ऑफिसची मंडळी बाजूच्या दाराने आत जात होती आणि जाताजाता मान वळवून बघत होती. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, नजर काढून घेतली, पुन्हा पाहिलं... आणि विचारलं, "फार दमलात का?"

हा प्रश्न तिला शेवटचा कुणी विचारला होता, ते तिला आठवेना. "कशावरून?"

"अजून दातांत दोरी धरून बोलताय."

तिने झटकन दोरी काढली आणि कानांपर्यंत लाल झाली. तेवढ्यात दाराचा रुसवा गेला आणि दोघं एकदमच आत ढकलली गेली.

ऑफिसात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे तिला 'चौकशी' म्हणत. प्रिंटरचा कागद कुठे ठेवलाय, मागच्या वर्षीचं बजेट कुठल्या फोल्डरमध्ये आहे, साहेब आज कुठल्या पायावर उठलेत... काहीही अडलं की "चौकशीला विचार!" घरीही तीच गत. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे चष्म्यापासून औषधापर्यंत प्रत्येक गोष्टीला लेकीच्या नावाचा पुकारा. धाकटा भाऊ परगावी राहून फोनवरून काळजी करत असे. प्रत्यक्ष करायचं तेवढं हिच्या वाट्याला. वय तिशीचं, पण संध्याकाळी जिना चढताना ती कठड्याला आपल्या आईपेक्षा घट्ट धरायची.

कंपनी कपबशा बनवायची. (ऑफिसात चहा कागदी कपातून मिळे, हा भाग वेगळा.) कुठल्या दुकानात कुठल्या महिन्यात किती कपबशा खपतील, याचा अंदाज बांधणं हे तिच्या खात्याचं काम. त्यासाठी एक प्रोग्राम होता. त्यात सगळी दुकानं, सगळा माल, सगळे महिने उलट्या झाडासारखे मांडलेले. वर 'सर्व दुकाने', त्याखाली विभाग, विभागाखाली शहरं, शहरांखाली एकेक दुकान. या प्रत्येकाला तिथे 'मेंबर' म्हणत. शीट बनवायची म्हणजे आधी त्या झाडातून हवे ते मेंबर निवडायचे. आणि ती निवडायची कशी, तर छोट्या अधिक चिन्हावर क्लिक, फांदी उघडली; चौकटीत टिक; खाली सरक; पुन्हा क्लिक, पुन्हा टिक. शेकडो दुकानं. मनगट दुखायचं, डोळे चुरचुरायचे आणि अर्धा दिवस निवडण्यातच जायचा. विचार करायला उरायचा तो दमलेला अर्धा.

हेच झटपट कसं करायचं ते शिकवायला प्रोग्रामवाल्या कंपनीने एक माणूस पाठवला होता. तोच तो, फिरत्या दारातला. खात्यातल्या लोकांनी पहिल्या तासालाच त्याचं 'मास्तर' असं बारसं करून टाकलं.

मास्तर तिच्या खुर्चीमागे उभे राहून तिचं टिक-टिक थोडा वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"म्हणजे?"

"विभागाच्या नावावर उजवं क्लिक करा. काय दिसतंय?"

"'याच्या खालचे सगळे'."

"दाबा."

तिने दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच विभागातली यच्चयावत दुकानं शीटवर येऊन बसली. ती बघतच राहिली. इतकी वर्षं जे ती बोटं मोडेस्तोवर करत होती, ते असं! तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला एकदम रडूच आलं. तिने शिंक आल्याचा बहाणा केला. मास्तरांनी न बोलता रुमाल पुढे केला आणि बाकीच्यांना काहीतरी दाखवायला वळले.

तिला सगळं त्याच दुपारी जमलं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

तिसऱ्या दिवशी वर्ग संपला. साहेबांनी येऊन विचारलं, "जमलं ना सगळ्यांना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तीही 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तोच तिची नजर कोपऱ्यातल्या चाकांच्या बॅगेकडे गेली. भरलेली, चेन लावलेली, निघायला तयार.

"मला... अजून नीट नाही जमत," ती म्हणाली.

"तुला?" साहेब म्हणाले. "चौकशीला?"

"हो ना. मधेच गोंधळ होतो."

शब्द तोंडातून गेल्यावर तिलाच धक्का बसला. आयुष्यात ती कधी 'मला येत नाही' असं म्हणाली नव्हती. म्हणायची सोयच नव्हती. पण म्हणून बघितलं, तर आभाळ काही कोसळलं नाही. उलट मास्तरांनी बॅगेची चेन उघडून लॅपटॉप पुन्हा बाहेर काढला आणि साहेबांना सांगितलं, "हरकत नाही. रोज जेवणानंतर एक तास यांना वेगळा देईन. मी आहे."

'मी आहे.' एवढंच. तिला ते दिवसभर पुरलं.

मग तो तास सुरू झाला. मागच्या लहान खोलीत दोन खुर्च्या, एक पडदा आणि खिडकीबाहेर कंटाळवाणं, संपता न संपणारं करडं आभाळ. तो एकेक गोष्ट न कंटाळता सांगायचा. पडद्याला बोट न लावता, जरा दुरूनच दाखवायचा. आणि मुख्य म्हणजे तिला काही विचारायचा नाही. दिवसातल्या त्या एका तासात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नसलं तरी चालत होतं. तो बोलायचा, ती ऐकायची, आणि मानेत महिनोन् महिने बसलेली गाठ सैल व्हायची. गोष्टींमध्ये प्रेमात पडलं की छाती धडधडते म्हणतात. हिची तर उलट शांत व्हायची. त्यामुळे हे प्रेम आहे, हे ओळखायलाच तिला चार-पाच दिवस लागले. ओळखल्यावर मात्र ती चुका जास्तच करू लागली.

"आता हा इथे का आला?" तो विचारायचा.

"कोण?"

"हा 'उत्तर विभाग'. त्याची सगळी दुकानं घेतलीत, आणि वर त्यालाही घेतलंत. बेरीज दुप्पट होईल."

"पोरं सगळी घ्यायची आणि बापाला वगळायचं? बरं दिसतं का ते?"

तो हसायचा. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. "अहो, इथे बाप म्हणजेच पोरांची बेरीज. दोघांना एकत्र धरलं की घर उगाच फुगतं."

"आमच्या घरात दोघीच. तरी भरलेलं असतं."

"कशाने?"

"कामाने."

"माझ्या घरात मी एकटाच," तो म्हणाला, "आणि मीसुद्धा बहुतेक नसतोच. जिथे जाईन तिथे गळ्यात 'पाहुणा' असा पट्टा. परवा स्वतःच्या घरी गेलो, तर दारात उभा राहून पट्टा चाचपत होतो..."

ती हसली. तिने मुद्दामच पुन्हा उत्तर विभागावर टिक केलं. त्याने ते पाहिलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून सांगू?"

"सांगा ना."

असे दिवस चालले होते. खात्यातले लोक म्हणू लागले, पालथ्या घड्यावर पाणी. साहेबांच्या कपाळावर आठी दिसू लागली. तिला कळत होतं, हे फार दिवस टिकायचं नाही. पण दमलेलं माणूस सावलीत बसलं की 'अजून थोडं' म्हणतं, तसं तिचं झालं होतं.

आणि मग तो गुरुवार आला. नेहमीप्रमाणे तिने चारही विभागांच्या दुकानांबरोबर विभागही निवडून ठेवले होते, मास्तर 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणायच्या बेतात होते, तोच शेजारच्या काकूंचा फोन. "अगं, तुझी आई बाथरूमपाशी खाली बसलीय, उठता येत नाहीये!" तिने हाताला येईल ते बटण दाबून शीट सेव्ह केली आणि धावली. मास्तरांनी रिक्षा थांबवून दिली. घरी पोचली तर आई जमिनीवर उशीला टेकून निवांत बसलेली. "पडले नाही गं, नुसती घसरले. पण माझा चष्मा कुठंय?"

ती शीट मात्र सामायिक फोल्डरमध्ये तशीच राहिली, दुप्पट बेरजेसकट. आणि खरेदी खात्याची एक जुनी खोड होती. फोल्डरमध्ये आजच्या तारखेची शीट दिसली की कुणाला न विचारता उचलायची आणि त्याप्रमाणे ऑर्डर द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीप्रमुख बाई साहेबांच्या खोलीत वादळासारख्या शिरल्या. वयामुळे आणि दराऱ्यामुळे सगळं ऑफिस त्यांना 'आत्या' म्हणे.

"खोकीवाल्याचा फोन आला मला!" आत्या गरजल्या. "म्हणतो, बाई, दुसरा कारखाना काढलात का? नेहमीच्या दुप्पट खोकी! एवढ्या खोक्यांत मी काय, माणसं भरू? नशीब, त्याने विचारलं. थांबवली ऑर्डर. पण हे दिवे लावले कुणी?"

साहेबांनी तिला आणि मास्तरांना बोलावलं. शीट पडद्यावर होती. चूक आंधळ्यालाही दिसली असती.

ती बोलणार, त्याआधीच मास्तर म्हणाले, "चूक माझी आहे. सरावाची शीट मी वेगळ्या जागी ठेवायला हवी होती. यांचा काही दोष नाही."

"मग तुमच्या कंपनीला तसं कळवावं लागेल," साहेब रुक्षपणे म्हणाले. "इतके दिवस शिकवून एका माणसाला साधी निवड येत नाही! मी दुसरा ट्रेनर मागवतो."

मास्तर नुसते मान हलवून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त थकवा होता; कुठूनही काढून टाकलं तरी बॅग उचलायची सवय असलेल्या माणसाचा. तो थकवा तिला बघवेना. आपण एक तास विसावा मिळावा म्हणून नाटक केलं, आणि त्याचा भुर्दंड या माणसाच्या नोकरीवर!

"मला येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

"सगळं. पहिल्या दिवसापासून येतं. मी... मुद्दाम चुकत होते. यांना काही कळवू नका."

साहेबांनी चष्मा काढला. "पहिल्या दिवसापासून येत होतं, तर शिकत काय होतीस?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं, पण साहेबांना देण्यासारखं नव्हतं. "करून दाखवते," ती म्हणाली आणि कीबोर्ड पुढे ओढला.

तिने रिकामी शीट उघडली. झाड उघडलं नाही, उजवं क्लिकही केलं नाही. सरळ चौकटीत विभागाचं नाव टाइप केलं, शेजारी महिने टाइप केले, रिफ्रेश दाबलं. नावावर दोनदा क्लिक केलं, दुकानं उलगडली. नको ते विभागाचं नाव काढून टाकलं. एरवी अर्धा दिवस खाणारं काम आत्यांचा सुस्कारा संपायच्या आत झालं. बेरीज चोख.

साहेबांचे डोळे विस्फारले. "हे तर... हे तर सगळ्यात सोपं आहे! खात्यात बाकी कुणी असं करताना मी पाहिलं नाही. मास्तर, हे तुम्ही शिकवलंत?"

मास्तर तिच्याकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. "हे मी शिकवलंच नव्हतं."

"मी घरी प्रोग्राममधली मदतीची पानं वाचली," ती पुटपुटली.

"पण का शिकवलं नाहीत?" साहेब आता त्यांच्याकडे वळले. "झटपट निवड करता यावी, यासाठीच तर तुम्हाला बोलावलं!"

"तीन दिवसांत तेवढं राहून गेलं. मग यांच्या तासाच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं."

"कुठल्या शेवटच्या?"

मास्तरांची मान खाली गेली. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "तोच तर ठरत नव्हता, साहेब..."

मग आत्यांनी कपाळावर हात मारला आणि अंग गदगदून हसू लागल्या. "अगं बाई! ही बया वेड पांघरून पेडगावला निघाली, तर हा पठ्ठ्या तिथे आधीच जाऊन बसलाय!"

"कुठे जाऊन बसलाय?" साहेबांना अजून काही उमगलं नव्हतं.

"तुम्ही राहू द्या हो. माझी खोकी थांबली, कुणाचं काही बिघडलं नाही. कळवाकळवी कशाला? आणि यापुढे आम्ही शीट विचारून उचलू, झालं?"

साहेबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हुकूम सोडला, "शिकवणी संपली. आज. आत्ता!"

बाहेर व्हरांड्यात दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"तुम्हाला कळलं होतं?" शेवटी तिनेच विचारलं.

"त्या तासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. खरंच न येणारा माणूस कशाही चुका करतो. तुम्ही नेमकी तीच करायचात... जी समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तास संपला असता."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. या वेळी तिने शिंकेचा बहाणा केला नाही. "सोमवारी दुसरीकडे जाल ना?"

"बोलावणं आलंय," तो म्हणाला. "रविवारी येऊ का तुमच्याकडे? आईंना भेटायला."

"आईला भेटून काय करणार?"

"तुम्हालाच भेटायचंय. आई म्हटलं की बरं दिसतं."

"या. पण आधीच सांगते, रविवारी माझ्यात उभं राहण्याचंही त्राण नसतं. चहासुद्धा मिळायचा नाही."

"चहा मी करेन."

रविवारी तो खरंच आला आणि खरंच स्वयंपाकघरात शिरला. ती सोफ्यावर बसून ऐकत होती. डबे उघडल्याचा आवाज, झाकणं पडल्याचा आवाज, पुन्हा डबे. साखर त्याला बराच वेळ सापडेना. पण 'साखर कुठंय हो?' अशी हाक काही आली नाही. तिच्या घरात एक माणूस तिला न विचारता काहीतरी शोधत होता. एवढ्यानेच तिला इतकं सुख झालं, की तिने पाय वर घेतले आणि डोकं मागे टेकलं.

चहा आला. आई आतल्या खोलीत, दार मुद्दाम उघडं ठेवून, पेपर वाचत असल्यासारखी बसली होती. तो सोफ्यावर लेकीच्या शेजारी बसला. कुठेतरी वाक्य पाठ करून आला असावा, कारण कपाकडे बघतच बोलू लागला.

"मी फिरतीचं काम सोडतोय. आमच्या इथल्याच शाखेत टेबलाचं काम मागितलंय, बहुतेक मिळेल. तुमच्यासाठी करतोय, असं ओझं तुमच्यावर नाही टाकत. मीही दमलोय... फार दमलोय. पण दमून बसायचंच, तर ते..."

पुढचं तिला ऐकू आलं नाही. ते तिला नंतर आईने सांगितलं.

आईच्या सांगण्याप्रमाणे, तो अगदी शेवटपर्यंत बोलला. "...तर ते तुमच्या शेजारी बसावं, असं वाटतं. लग्न कराल माझ्याशी?" असं विचारून त्याने धीर करून मान वळवली, तर लेक गाढ झोपलेली. तोंड किंचित उघडं. डोकं हळूहळू घसरत त्याच्या खांद्यावर आलेलं. त्याने आत आईकडे पाहिलं. आईने ओठांवर बोट ठेवलं. मग आई वॉकर धरून उठली, कपाटातली शाल काढून लेकीच्या अंगावर घातली आणि त्याच्या कानात कुजबुजली, "हलू नका. कितीतरी दिवसांनी अशी झोपलीय."

तो हलला नाही. चहा गार झाला, खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं, तरी तो हलला नाही.

तिला जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळ झाली होती. "अगं बाई! आईचं औषध..."

"घेतलं त्यांनी."

"आणि फोन..."

"भावाचा होता. आई बोलल्या."

करायला काहीच उरलं नव्हतं. डोकं उचलायचंही तिच्या मनात आलं नाही. "तू काहीतरी सांगत होतास ना?" ती म्हणाली. 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"सांगत होतो."

"तू दमलायस, इथपर्यंत ऐकलं मी."

"त्याच्यापुढे एकच प्रश्न होता."

"मग विचार ना..."

त्याने पुन्हा विचारलं. या वेळी पाठ केलेलं वाक्य विसरला, त्यामुळे जास्त चांगलं विचारलं. आतून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली. एवढं मोठं उत्तर तिने आयुष्यात इतक्या सहज दिलं नव्हतं. तिचे डोळे पुन्हा मिटू लागले. "पण आत्ता उठू नकोस हं. अजून थोडा वेळ असाच बस."

त्याचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत केव्हाच बधिर झाला होता. पण त्याने तिला ताकास तूर लागू दिली नाही.